मेजाखालचा चुरा आणि कानामागची गोचीड: कुत्र्यावरून विश्वासाचे धडे कसे द्यावेत

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेणाऱ्या ताईंनी घरी दोन महिन्यांचं गावठी पिल्लू आणलं आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या रोजच्या सांभाळातून ख्रिस्ती विश्वासाचे धडे द्यायचे आहेत. पण बायबलात कुत्र्याबद्दल बरं असं काहीच नाही, हे कुणीतरी म्हटल्यामुळे त्या अडखळल्या आहेत.

ताई, ते म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, आणि ते मुलांपासून लपवू नका. बायबलात कुत्र्याचा उल्लेख चाळिसाच्या आसपास वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी तो हिणवण्यासाठीच. गल्याथ दावीदला विचारतो, मी कुत्रा आहे का, म्हणून तू काठी घेऊन आलास (१ शमुवेल १७:४३). मफीबोशेथ स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवून घेतो (२ शमुवेल ९:८). स्तोत्र ५९ मधले शत्रू संध्याकाळी गावाभोवती गुरगुरत फिरणाऱ्या कुत्र्यांसारखे आहेत, आणि प्रकटीकरण २२:१५ मध्ये कुत्रे नगरीच्या बाहेरच राहतात. ही बिनमालकाची, उकिरड्यावर जगणारी कुत्री होती. मटणाच्या दुकानामागे रात्री जमणारी टोळी आपल्या मुलांनी पाहिलेलीच असते, त्यांना वेगळं चित्र काढून दाखवावं लागत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. ईयोब ३०:१ मध्ये कळपाबरोबरची कुत्री येतात. चिकोडी-अथणीकडे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर-कुरुबरांच्या तळावर असतात तशीच. यशया ५६:१० मध्ये नालायक पहारेकऱ्यांना भुंकता न येणारी मुकी कुत्री म्हटलंय, म्हणजे कुत्र्यानं भुंकून राखण करावी हे तिथं गृहीत आहे. उपदेशक ९:४ सांगतो की मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा. वर्गात कॅथलिक घरांतली मुलं असतील तर त्यांच्या बायबलातल्या तोबीत ग्रंथात एक कुत्रा तरुण तोबियाबरोबर प्रवासाला निघतो आणि परतीच्या वाटेवरही सोबत असतो. तो काहीही पराक्रम करत नाही, नुसता बरोबर चालतो. प्रॉटेस्टंट बायबलात हा ग्रंथ नाही, एवढं सांगितलं की वाद होत नाही.

आता मुख्य गोष्ट. धडा टिकायचा तर तो आधी कुत्र्याच्या बाबतीत खरा असावा लागतो आणि मग वचनाच्या बाबतीत. यातली एक बाजू लंगडी असली की आठ वर्षांचं पोरही पकडतं. या कसोटीवर दोन अतिशय लाडके धडे पडतात, ते आधीच बाजूला काढा.

पहिला, “कुत्र्याला पाप कळतं, बघा कसा मान खाली घालतो.” चप्पल फाडल्यावर कान पाडून, नजर चुकवून बसणारा कुत्रा अपराधी वाटतो खरा. २००९ साली कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर याची तपासणी केली. मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही, आणि कुणी काय केलं हे मालकांना नेहमी खरं सांगितलं गेलं नाही. तो “अपराधी” चेहरा खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावण्यावर होता. न खाता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच अपराधी दिसला. म्हणजे ती भीती आहे, पश्चात्ताप नाही. पण इथं एक खरा धडा मिळतो, आणि तो मोठ्यांच्याही कामाचा आहे: २ करिंथकर ७:१० मध्ये पौल देवाला अनुसरून झालेलं दुःख आणि जगाचं दुःख यांत फरक करतो. मार चुकवण्यासाठी पाडलेलं तोंड आणि बदललेलं मन या दोन वेगळ्या गोष्टी. मुलांना विचारा, आई रागावल्यावर आपण “सॉरी” म्हणतो ते यातलं कोणतं? उत्तरं प्रामाणिक येतात, कधी कधी अडचणीची होतील इतकी.

दुसरा, “कुत्र्याचं प्रेम निरपेक्ष, तसंच देवाचं.” कुत्र्याची माया खरी असते, पण ती हातचं खाणं, वास, सवय आणि सहवास यांतून वाढते. ती निरपेक्ष आहे असं म्हणायला आधार नाही. शिवाय या उपमेत कुत्रा देवाच्या जागी जातो आणि आपण मालकाच्या. शास्त्रात उलट आहे. कनानी बाई (तिची गोष्ट पुढे येते) स्वतःला मेजाखाली बसवते, स्तोत्र १२३:२ मध्ये आपण चाकर होऊन धन्याच्या हाताकडे बघतो. म्हणून नियम साधा ठेवा: उपमा द्यायचीच तर कुत्र्याच्या जागी आपण. आणि जिथं आपण मालक असतो, तिथं उपमा नसून जबाबदारी असते. नीतिसूत्रे १२:१० म्हणतं की नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. दुपारी पाण्याचं भांडं भरलेलं आहे का, हा त्या वचनाचा अर्थ. त्यावर वेगळं प्रवचन नको.

सुरुवात आजारी मुलीसाठी येशूकडे मदत मागायला आलेल्या कनानी बाईच्या गोष्टीनं करा (मत्तय १५:२१-२८, मार्क ७:२४-३०). गोष्ट अवघड आहे, कारण मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांना घालणं ठीक नाही हे येशूच बोलतो, आणि मुलांना ते टोचतं. टोचू द्या. बाई रागावून निघून जात नाही, भांडतही नाही. घरची कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात, असं म्हणून ती त्याच वाक्यातून आपला वाटा काढते, आणि येशू तिचा विश्वास मोठा आहे असं सांगतो. प्रभुभोजनाच्या जुन्या विधीत तुझ्या मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची लायकी नाही अशी प्रार्थना येते, ती इथूनच. १५४८ च्या इंग्रजी विधीतून ती पुढे अनेक मंडळ्यांच्या उपासनेत आली. मोठ्या मुलांनी ती चर्चमध्ये ऐकलेली असेल तर ती कुठून आली हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकतात.

वर्गात हे करून दाखवायचं असेल तर पिल्लू नको, ताट पुरे. जमिनीवर भाकरीचा चुरा ठेवा आणि विचारा, हा कुणाचा? मुलं “कुत्र्याचा” म्हणतील. मग सांगा की चुराही त्याच भाकरीचा असतो, वेगळ्या पिठाचा नसतो. बाईचा सगळा मुद्दा एवढाच होता.

मात्र घरी हा धडा शब्दशः राबवू नका, विशेषतः नाताळात. केकमधले मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवू शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही नको. चॉकलेट विषारी. मटणाच्या रश्शातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवलेलं हाड फुटून त्याचे अणकुचीदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. कुंद्यानं (बेळगावची खव्याची मिठाई) जीव जात नाही, पण दुसऱ्या दिवशी अंगण धुवावं लागतं. नुसत्या दूध-भाकरीवर वाढवलेलं पिल्लूही किडकिडीत राहतं, कारण त्यात प्रथिनं कमी पडतात. रोज उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं चिकन हवं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरे.

दुसरा धडा हाकेचा. याला दोन रविवार द्या, कारण माल इथं जास्त आहे. बेळगावकडच्या घरात पिल्लू तीन भाषांत वाढतं. आजी “बस” म्हणते, शेजारचे कानडीत “कुंद्रु” म्हणतात, शाळेत जाणारी पोरं “सिट”. कुत्र्याला भाषा कोणतीही चालते, पण एका कृतीला एकच शब्द लागतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच-सहा शब्द ठरवा आणि ते दारामागे लिहून लावा. “बस” आपण “पुरे” या अर्थानंही दिवसभर वापरतो, तेव्हा बसण्यासाठी “खाली” घेतलं तर पिल्लाचा घोटाळा वाचतो. वचन दोन घ्या: तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं (मत्तय ५:३७), आणि कुणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही (मत्तय ६:२४). वडिलांनी सोफ्यावर चढू दिलं आणि आईनं हाकललं, की पिल्लू हट्टी होत नाही, गोंधळतं. मुलांना हे लगेच पटतं, कारण त्यांच्याही बाबतीत घरात हेच चाललेलं असतं.

“ये” शिकवण्याची पद्धत अशी. जेवणाआधी, पोट रिकामं असताना, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन वेळा. हरभऱ्याएवढे चिकनचे किंवा अंड्याचे दहा-पंधरा तुकडे हातात ठेवा. दोन पावलांवरून नाव घेऊन “ये” एकदाच म्हणा. आलं की एका सेकंदाच्या आत तुकडा तोंडात गेला पाहिजे. उशीर झाला तर बक्षीस येण्याचं होतं की बसण्याचं, हे त्याला कळत नाही. आठवड्यानं अंतर वाढवा, मग खोली बदला, मग अंगण. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. सलग दोनदा चुकलं तर एक पायरी मागे या. “ये, ये, ये, अरे ये ना” असं सतरा वेळा म्हणणाऱ्या घरात कुत्रा सतराव्या हाकेलाच यायला शिकतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: “ये” म्हणून बोलावून कधीही मारू नका, औषध पाजू नका, साखळीला बांधू नका. ते करायचं असेल तर आपण उठून त्याच्याकडे जा. फाटकातून पळालेलं कुत्रं तासाभरानं आपणहून परत आलं आणि त्याला चोप मिळाला, तर त्यानं शिकलेली गोष्ट “पळू नये” ही नसते. “परत आलं की मार बसतो” ही असते. पुढच्या वेळी ते उशिरा येतं, किंवा येतच नाही. लूक १५:२० इथं वाचा: मुलगा अजून दूर असतानाच बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि मुलानं पाठ करून आणलेलं सगळं बोलणंही पुरं होऊ देत नाही. हा धडा शक्यतो पालकांसमोर घ्या. दोन वर्षांनी उपासनेला आलेल्या माणसाला दारातच “काय, आज रस्ता चुकलास?” म्हणणारी मंडळी प्रत्येक गावात असतात. माणूस पुढच्या रविवारी का येत नाही, याचं उत्तर कुत्र्याला शिकवणारा कुणीही देईल.

मोहाचा धडा मुधोळ कुत्रा पाळणाऱ्या घरांना जास्त लागू पडतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली ही जात आपल्याकडे कारवान म्हणूनही ओळखतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली आणि २००५ साली तिचं टपाल तिकीटही निघालं. हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. ससा किंवा कोंबडी पळताना दिसली की त्याला हाक ऐकूच येत नाही म्हटलं तरी चालेल. अशा वेळी ओरडण्याचा उपयोग नसतो, शिक्षेचा तर मुळीच नाही. जाणकार माणूस त्याला मोकळ्या शिवारात सोडतच नाही. लांब दोरी लावतो, सावजापासून इतक्या अंतरावर थांबतो की कुत्र्याला दिसतंय पण तो अजून आपल्याकडे वळून बघू शकतो, तिथंच शिकवतो आणि अंतर हळूहळू कमी करतो. प्रभूच्या प्रार्थनेत “आम्हाला परीक्षेत आणू नकोस” हे मागणं आहे, “परीक्षेत आल्यावर आम्ही जिंकू” अशी बढाई नाही. मोबाइल उशाशी ठेवून रात्री न बघण्याचा निश्चय करणाऱ्या मोठ्या मुलांशी याच जागी बोला. तुमच्या गावठी पिल्लाला ससा नसला तरी शेजारची कोंबडी पुरेल.

कुत्रा आपल्या ओकारीकडे परत जातो, हे वचन (नीतिसूत्रे २६:११, २ पेत्र २:२२) मुलं स्वतःच काढतात आणि खिदळतात. लांबवू नका. पिल्लं असं करतात, कारण कुत्र्यांच्या कुळात आई पिल्लांसाठी अन्न ओकून देते. त्यांच्यासाठी ते घाण नाही. वचनाचा रोख मूर्खपणा पुन्हा पुन्हा करणाऱ्या माणसावर आहे. मात्र दिवसात दोन-तीन उलट्या, त्यात रक्त, किंवा जोडीला दुर्गंधीचे जुलाब असतील तर वाट बघू नका. लस न झालेल्या पिल्लाला पार्व्हो (आतड्यांचा विषाणूजन्य आजार) झाला असेल तर दोन-तीन दिवसांत खेळ आटोपू शकतो.

आत्मपरीक्षणाचा धडा गोचिडीवरून द्या, आणि तो घरी करायला लावा. पावसाळ्याच्या आगेमागे, गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी हमखास सापडतात. रोज संध्याकाळी ठरलेल्या क्रमानं बोटं फिरवायची: कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, बगलेत, पायांच्या बोटांमध्ये, जांघेत, शेपटीच्या बुडाशी. वरून केस चकचकीत दिसतात म्हणून सोडायचं नाही, ती नेहमी दडलेल्या जागीच बसते. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल ओतू नका, पेटती काडी लावू नका, नखानं चिरडू नका. पिळली गेली तर तिच्या पोटातलं कुत्र्याच्या रक्तात जाण्याचा धोका वाढतो. ओढण्याचं काम मोठ्यांचं, मुलांनी फक्त शोधायची. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढुरक्या होणं, नाकातून रक्त ही गोचीडतापाची लक्षणं, तेव्हा लगेच डॉक्टर.

याच्याबरोबर स्तोत्र १३९:२३-२४ पाठ करून घ्या: देवा, माझं अंतःकरण तपासून बघ. क्रम पाळणं, रोज पाळणं आणि दडलेल्या जागा आधी बघणं हे तिन्ही तिथं जसंच्या तसं लागू होतं. झोपण्याआधी मुलांना तीन प्रश्न द्या: आज कुणाशी खोटं बोललो, कुणाचं मन दुखावलं, कुणाचे आभार मानायचे राहिले. चौथा प्रश्न वाढवू नका, मग ते गृहपाठ होऊन बसतं.

लाजराच्या गोष्टीबद्दल (लूक १६:२१) एक सावधगिरी. श्रीमंताच्या दारातल्या लाजराचे फोड कुत्रे येऊन चाटत, आणि कॅथलिक घरांत संत रॉक यांच्या मूर्तीशेजारी भाकरी तोंडात धरलेला कुत्रा मुलांनी पाहिलेला असतो (त्यांचा सण १६ ऑगस्टला). दोन्ही ठिकाणी मुद्दा असा की माणसांनी टाकलेल्याजवळ जनावर गेलं. पण आपल्या गुडघ्याची खपली कुत्र्याला चाटू द्यायची नाही, हे त्याच दमात सांगा. उघड्या जखमेवर लाळ लागणं हे रेबीजच्या बाबतीत चावण्याइतकंच गंभीर धरतात.

“आमचा टॉमी स्वर्गात जाईल का?” हा प्रश्न येणारच. शास्त्रात याचं थेट उत्तर नाही, तेव्हा हो म्हणून मोकळे होऊ नका आणि नाही म्हणून मुलाला रडवूही नका. जे लिहिलं आहे तेवढं सांगा: देवानं नोहाबरोबरचा करार सर्व सजीवांशी केला (उत्पत्ती ९:१०), एकही चिमणी त्याच्या नजरेआड पडत नाही (मत्तय १०:२९), सगळी सृष्टी मुक्तीची वाट बघत कण्हते आहे (रोमकरांस ८:१९-२२). मग पुरायला मुलाला बरोबर घ्या. खड्डा किमान तीन-चार फूट, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. खानापूरच्या पावसात उथळ खड्डा आठ दिवसांत उघडा पडतो. कुत्रं पिसाळून मेल्याची शंका असेल तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

आता पिल्लू वर्गात आणायचं का? इतक्यात नको. पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची पहिली तीन महिने पूर्ण झाल्यावर, बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. हे झाल्यावर आणलंत तरी पट्टा लावून, मुलं गोल करून खाली बसलेली, एका वेळी दोघांनीच हात लावायचा, तोही छातीला किंवा खांद्याला. डोक्यावरून हात आणला की बरीच कुत्री बिचकतात. दहा मिनिटांत त्याला घरी पाठवा.

त्याच दिवशी मुलांना एक गोष्ट पक्की सांगा आणि पालकांनाही कळवा. कोणतंही कुत्रं, पाळलेलं किंवा रस्त्यावरचं, चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी घरी सांगायचं आणि त्यासाठी कुणीही रागावणार नाही. मुलं लपवतात ती बोलणी बसतील म्हणून. वर “ये” बद्दल लिहिलं, तेच इथं जिवावर बेततं. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलेली जखम असेल तर पहिल्याच दिवशी जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तालुक्याला नसलं तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. तिसऱ्या डोसानंतर जखम भरलेली दिसते आणि २८ व्या दिवसाची आठवण कुणालाच राहत नाही. ती तारीख संडे स्कूलच्या हजेरीवहीतच लिहून ठेवा.